वीरभद्रय्याचं देणं

फहाहीलला, माशांच्या बाजारामागे,
एका लाँड्रीत आम्ही दोघं इस्त्रीवाले.
दिवसाला दोनशे दिशदाशा, सगळ्या पांढऱ्या.
सत्यानंदम कॉलर घेतो, मी बाह्या.
दुपारी अहमदीकडून धूळ उठते
आणि काचेबाहेरचा रस्ता पुसला जातो,
तेव्हा तो पणजोबाचा सिनेमा सांगायला लागतो.

सिनेमा आज जिवंत कुणीच पाहिलेला नाही.
आजीनं पाहिला होता, सहा वर्षांची असताना,
आणि मध्यंतरानंतर ती झोपली.
म्हणून उत्तरार्ध रोज वेगळा.
परवा राणी विहिरीत गेली.
आज, खांद्याची चुणी मोडता मोडता, वाचली.
"कशी काय वाचली?"
"आज पगार झालाय," म्हणाला.

गुडिमेट्ल वीरभद्रय्या, मुक्काम बंदर.
आधी दोन बैलगाड्या, एक तंबू,
हातानं फिरवायचं एक यंत्र;
गोदावरीच्या काठानं जत्रेमागून जत्रा.
पडदा पिवळा पडला की परटाकडे.
परीट म्हणायचा, एवढी माणसं चालून गेली ह्याच्यावरनं,
मळणारच की.
हे वाक्य सत्यानंदमचंच असावं, मला संशय आहे.
मग बायकोची पुतळ्यांची माळ गहाण पडली,
कारण आता मुक्यांना बोलतं करायचं होतं.
तेलुगूतला पहिला बोलपट की दुसरा,
यावर त्यांच्या घरात अजून अबोला आहे.
बोलायचं यंत्र कोल्हापुरात, असं कुणी सांगितलं.
निघाले. बावीस माणसं, तिसऱ्या वर्गाचा डबा, एक पेटी.

कोल्हापूर म्हटलं की माझी इस्त्री थांबते.
त्याला ते माहीत आहे. तोही तिथंच थांबतो.

माइक तुळशीवृंदावनात लपवलेला.
राजा रडायचा तो तुळशीकडे तोंड करून.
दिवसा कावळे आणि टांगे, म्हणून शूटिंग रात्री.
रात्री बेडूक.
बेडकांना दगड मारायला एक पोरगा ठेवला,
रोज दोन आणे.
हे मात्र खरं. वहीत आहे.

वही त्याच्या ट्रंकेत, पासपोर्टच्या झेरॉक्सखाली.
मला ती अक्षरं येत नाहीत,
सांडलेल्या मोहरीसारखी गोल गोल.
तो बोट ठेवतो, मी ऐकतो.
खिळे. एरंडेल. राणीला ताप, डॉक्टर.
राजाला उचल. राजाला पुन्हा उचल.
राजा पळाला.
आणि शेवटच्या पानावर
आक्काबाई खानावळवाली, शुक्रवार पेठ,
अकरा रुपये सहा आणे, देणे.
खाली रेघ नाही.

बेझवाड्याला तीन आठवडे चालला.
मग पेट्या सावकाराकडे, सावकाराकडून कासाराकडे.
रिळं उकळली. चांदी वेगळी काढली,
उरलं त्याच्या बांगड्या.
म्हातारपणी वीरभद्रय्या बाजारात उभा राहून
बायकांची मनगटं बघायचा.
लोक म्हणाले, चळला.
मी काही बोलत नाही. वाफ सोडतो.
कुणाच्या तरी हातावर असेल
बेडूक ओरडले नाहीत ते अर्धं मिनिट.

आता, मी शुक्रवार पेठेतला नव्हे, उचगावचा.
आक्काबाई माझी कुणी लागत नाही, शंभरदा सांगितलं.
तरी पगार झाला की तो मला
गरम खुबूस, फलाफल, वर करक चहा पाजतो
आणि वहीत बारीक अक्षरात काहीतरी वजा करतो.
आण्याचा दिनाराशी भाव तो कसा लावतो,
त्याचं त्याला ठाऊक.
आज पेन चाललं नाही.
झटकलं, तोंडानं फुंकलं, ठेवून दिलं,
आणि पुढची दिशदाशा टेबलावर अंथरली,
कोरी, ओलसर, कुणाची तरी शुक्रवारची.

"विहिरीतनं वर काढलं कुणी तिला?" मी विचारलं.
"थांब," म्हणाला. "आधी बाह्या काढ."